नायट्रोजननंतर ऑक्सिजनची आयनीभवन ऊर्जा घसरते, तिचे खरे कारण कोणते?

रेघोटी (धागालेखिका)

उच्च माध्यमिक वर्गाला मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवते आणि आवर्तसारणीतील प्रवृत्तींचे प्रकरण आले की दरवर्षी एकाच जागी अडते. दुसऱ्या आवर्तात (आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरील प्रभार एकेकाने वाढतो, बाह्यतम कवच मात्र तेच राहते, त्यामुळे इलेक्ट्रॉन अधिकाधिक घट्ट धरला जातो आणि पहिली आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, वाढत जाते, इथपर्यंत विद्यार्थ्यांना काही अडचण येत नाही. लिथियमची ऊर्जा ५२० किलोज्यूल प्रति मोल आणि निऑनची २०८१. परंतु ही चढण मधे दोनदा मोडते. बेरिलियमची ८९९ असताना बोरॉनची ८०१ आहे आणि नायट्रोजनची १४०२ असताना ऑक्सिजनची १३१४.

दुसऱ्या घसरणीचे कारण आपण सर्वजण असे सांगतो की नायट्रोजनचे २पी उपकवच (दुसऱ्या कवचातील सहा इलेक्ट्रॉन मावणारा भाग) अर्धे भरलेले असते, अर्धे भरलेले उपकवच विशेष स्थिर असते, म्हणून त्यातून इलेक्ट्रॉन काढणे कठीण जाते. या वर्षी एका विद्यार्थिनीने मला विचारले, “नायट्रोजन स्थिर आहे, हे मान्य. पण ऑक्सिजनमधून एक इलेक्ट्रॉन काढल्यावर जो आयन उरतो, त्यातही २पीमध्ये तीनच इलेक्ट्रॉन असतात. म्हणजे तोही अर्धा भरलेलाच. मग आपण स्थिर नेमके कोणाला म्हणतो आहोत, आणि कोणाच्या तुलनेत?”

मी तिला उत्तर दिले, पण ते माझे मलाच पुरेसे वाटले नाही. ‘विशेष स्थिरता’ हे कारण आहे की घडलेल्या गोष्टीला दिलेले नुसते नाव आहे, यावर इथल्या जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

पाटीपेन्सिल

मी हा भाग शिकवताना स्थिरतेचा उल्लेख टाळतो आणि प्रतिकर्षणावर भर देतो. नायट्रोजनमधील तीन पी इलेक्ट्रॉन तीन वेगवेगळ्या कक्षिकांमध्ये (प्रत्येकीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात) एकेकटे राहतात. ऑक्सिजनमध्ये चौथा इलेक्ट्रॉन आला की त्याला यांपैकी एका कक्षिकेत दुसऱ्यासोबत जागा वाटून घ्यावी लागते. एकाच कक्षिकेतील दोन इलेक्ट्रॉन अवकाशाचा एकच भाग व्यापतात, म्हणून त्यांच्यातील प्रतिकर्षण अधिक असते आणि त्या जोडीतला एक बाहेर काढायला तुलनेने कमी ऊर्जा पुरते. विद्यार्थ्यांना हे चटकन पटते आणि परीक्षेतही याला पूर्ण गुण मिळतात.

अबोली

आधी बोरॉनचे बघायला हवे, असे मला वाटते. ती घसरण समजली की ऑक्सिजनची घसरण त्याहून किती वेगळी आहे, ते स्पष्ट होते.

दीर्घवर्तुळ

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याला बगल देऊ नये. आयनीभवन ऊर्जा ही एकट्या अणूची मालमत्ता नव्हे. ती अणूची एकूण ऊर्जा आणि त्याच्या धन आयनाची एकूण ऊर्जा यांतील फरक आहे. फरक मोठा यायचा तर अणू खालच्या पातळीवर असावा लागतो किंवा आयन वरच्या पातळीवर, आणि हा फरक नुसता पाहून त्या दोहोंपैकी काय घडले ते कळत नाही. म्हणून ‘नायट्रोजन स्थिर आहे’ असे विधान आयनीभवन ऊर्जेच्या एका आकड्यावरून करणे हीच पहिली चूक आहे.

दुसरी चूक ‘स्थिर’ या शब्दाच्या सैल वापराची. निसर्गात नायट्रोजन निष्क्रिय वाटतो तो त्याच्या रेणूतील तिहेरी बंधामुळे, आणि त्याचा अर्धभरलेल्या उपकवचाशी थेट संबंध नाही. सुटा नायट्रोजन अणू अत्यंत क्रियाशील असतो. विद्यार्थी या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि आपण वापरलेला शब्द त्या गल्लतीला हातभार लावतो.

तळटीप

अबोली यांची सूचना योग्य आहे, म्हणून बोरॉनबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

इलेक्ट्रॉनला प्रत्यक्षात जाणवणारा केंद्रकीय प्रभार हा पूर्ण प्रभारातून इतर इलेक्ट्रॉनांचे परिरक्षण, म्हणजे त्यांनी झाकलेला प्रभार, वजा करून मिळतो. स्लेटर यांनी १९३० साली तो काढण्याचे सोपे नियम दिले: त्याच कवचातील एस किंवा पी इलेक्ट्रॉन ०.३५ इतके परिरक्षण करतो, लगतच्या आतल्या कवचातील ०.८५ आणि त्याहून आतला पूर्ण १. या हिशेबाने लिथियमच्या बाह्य इलेक्ट्रॉनला १.३०, बेरिलियमच्या १.९५, बोरॉनच्या २.६०, नायट्रोजनच्या ३.९०, ऑक्सिजनच्या ४.५५ आणि फ्लोरिनच्या ५.२० इतका प्रभार जाणवतो. प्रत्येक पावलाला ०.६५ ची भर पडते, कारण एक प्रोटॉन वाढतो आणि नवा इलेक्ट्रॉन त्यापैकी फक्त ०.३५ झाकू शकतो. आवर्तात त्रिज्या आक्रसत का जाते आणि आयनीभवन ऊर्जा का वाढते, याचे सगळे सार या एका वजाबाकीत आहे.

आता लक्षात घ्या की या नियमांनुसार बोरॉनला बेरिलियमपेक्षा जास्त ऊर्जा लागायला हवी आणि ऑक्सिजनला नायट्रोजनपेक्षा जास्त. दोन्ही घसरणी या हिशेबाला दिसतच नाहीत, आणि त्या का दिसत नाहीत हे शोधताना दोन वेगवेगळी कारणे हाती लागतात. बोरॉनच्या बाबतीत स्लेटर यांच्या नियमांनी २एस आणि २पी यांना एकाच गटात टाकले आहे, हे कारण आहे. वास्तविक २एस इलेक्ट्रॉनच्या अस्तित्वाची संभाव्यता केंद्रकाजवळही काही प्रमाणात असते, २पी इलेक्ट्रॉनची मात्र तिथे जवळजवळ नसते. म्हणून २एस आतल्या कवचाचा पडदा काही अंशी भेदून आत शिरतो आणि अधिक घट्ट बांधला जातो. बेरिलियममधून २एस काढावा लागतो, बोरॉनमधून २पी निघतो. अर्थात तिथे इलेक्ट्रॉनचे घरच बदलले आहे.

ऑक्सिजनच्या बाबतीत घर बदललेले नाही. नायट्रोजनमधूनही २पी निघतो आणि ऑक्सिजनमधूनही. त्यामुळे तिथले कारण इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधातच शोधावे लागते, आणि स्लेटर यांचा सरासरी पडदा तेवढे बारीक पाहत नाही.

पाटीपेन्सिल

दीर्घवर्तुळ यांचा मुद्दा तत्त्वतः मान्य आहे, परंतु अर्धभरलेल्या उपकवचाचा नियम पूर्णपणे टाकून देऊ नये, असे मला मनापासून वाटते. क्रोमियमचे संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) ३डी५ ४एस१, म्हणजे ३डीमध्ये पाच आणि ४एसमध्ये एक, असे असते आणि तांब्याचे ३डी१० ४एस१. अर्धे आणि पूर्ण भरलेले उपकवच पसंत केले जाते, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता? सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आधी एक सोपा धागा हातात द्यावा लागतो आणि त्यातल्या गाठी नंतर दाखवता येतात.

दीर्घवर्तुळ

पाटीपेन्सिल यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण आवर्तसारणीत त्यांच्या खाली आणि आसपास पाहिले की चित्र बदलते. क्रोमियमखालचे मॉलिब्डेनम ४डी५ ५एस१ असे आहे, हे नियमाला धरून झाले. त्याखालचे टंगस्टन मात्र ५डी४ ६एस२ असे आहे, म्हणजे तिथे अर्धे भरलेले उपकवच मिळवण्याची संधी असूनही अणूने ती घेतलेली नाही. निओबियम ४डी४ ५एस१ असे आहे, ज्यात अर्धेही नाही आणि पूर्णही नाही. पॅलेडियममध्ये तर ५एस रिकामेच राहते आणि सगळे दहा इलेक्ट्रॉन ४डीमध्ये असतात. ज्या नियमाला काही उदाहरणे शोभतात आणि शेजारची काही उदाहरणे मोडतात, त्याला कारण म्हणणे मला जड जाते. मुलांना सोपा धागा द्यावा, हे खरेच आहे, पण पुढे तो तोडावा लागणार नाही असा धागा आपल्याकडे असेल तर तोच आधी का देऊ नये?

मृगजळ

मी विद्यार्थी आहे आणि इथे एक उपप्रश्न विचारण्याची परवानगी घेतो. आम्हाला शिकवले जाते की ४एस हे ३डीच्या आधी भरते, कारण त्याची ऊर्जा कमी असते. पुढच्याच पाठात सांगितले जाते की संक्रमण मूलद्रव्यांचे आयन तयार होताना ४एसमधील इलेक्ट्रॉन आधी जातात. ४एसची ऊर्जा कमी असेल तर तिथले इलेक्ट्रॉन आधी का जावेत?

तळटीप

मृगजळ, तुमच्या शंकेत खरी विसंगती पकडलेली आहे. तुम्हाला जे शिकवले गेले, त्यातील पहिले वाक्य अपुरे आहे.

एकोणीस इलेक्ट्रॉन असलेल्या कणांची एक रांग घ्या: पोटॅशियमचा अणू, कॅल्शियमचा एकप्रभारी आयन, स्कँडियमचा द्विप्रभारी आयन आणि टायटॅनियमचा त्रिप्रभारी आयन. इलेक्ट्रॉनांची संख्या सर्वांत सारखीच आहे आणि केंद्रकावरील प्रभार तेवढा १९ वरून २२ पर्यंत वाढतो. पहिल्या दोन कणांत एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये सापडतो, स्कँडियमपासून पुढे तो ३डीमध्ये सापडतो. याचा अर्थ असा की ४एस आणि ३डी यांचा क्रम कायमचा ठरलेला नसतो. केंद्रकाची ओढ वाढली की ३डी अधिक वेगाने खाली येते आणि स्कँडियमपाशी ४एसच्याही खाली जाते.

मग स्कँडियमचा तटस्थ अणू ३डी१ ४एस२ असा का असतो? कारण ३डी कक्षिका आटोपशीर आणि केंद्रकाच्या जवळ असतात, त्यामुळे त्यांत इलेक्ट्रॉनांची दाटी झाली की प्रतिकर्षण फार वाढते. ४एस ऐसपैस असते. ज्या मांडणीत संपूर्ण अणूची ऊर्जा सर्वांत कमी होते, ती मांडणी अणू स्वीकारतो, आणि तीत दोन इलेक्ट्रॉन वरच्या पण मोकळ्या ४एसमध्ये राहतात. ते वरच्या पातळीवर असल्यामुळेच आयन होताना आधी तेच जातात. स्कँडियमचा पहिला आयन ३डी१ ४एस१ असतो आणि दुसरा नुसता ३डी१.

क्रोमियम आणि टंगस्टन यांच्यातील फरकही याच तराजूवर तोलला जातो. एका बाजूला पातळ्यांमधील अंतर आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनांचे आपसातील नाते, अशी ही तुलना असते, आणि आवर्त बदलले की दोन्ही पारड्यांतले वजन बदलते.

मृगजळ

मनापासून आभार. एकोणीस इलेक्ट्रॉनांची रांग मी आज वहीत उतरवून घेतली.

जुना_वाचक

चर्चा अपवादांवर आलीच आहे, म्हणून गॅलियमचा उल्लेख करावासा वाटतो. गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना आयनीभवन ऊर्जा कमी होते, हा दुसरा नियम आपण शिकवतो, पण अल्युमिनियमची ५७८ आहे आणि त्याखालच्या गॅलियमची ५७९. एक संपूर्ण कवच वाढूनही ऊर्जा किंचित वरच आहे आणि अणूचा आकारही जवळपास तेवढाच आहे. मधल्या दहा संक्रमण मूलद्रव्यांमुळे केंद्रकावर दहा प्रोटॉनांची भर पडते, आणि ती झाकण्यासाठी आलेले ३डी इलेक्ट्रॉन परिरक्षणाच्या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत, म्हणून असे घडते.

या मूलद्रव्याचा इतिहासही या विषयातला मोठा धडा आहे. मेंडेलीव्ह यांनी अल्युमिनियमखालची जागा रिकामी ठेवून तिथल्या मूलद्रव्याचे गुणधर्म आधीच वर्तवले होते. १८७५ साली लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी गॅलियम शोधले आणि त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असायला हवी असे कळवले, आणि नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती ५.९ भरली. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याला तेव्हा वीसहून अधिक वर्षे अवकाश होता. ज्यांना अणूच्या आत काय आहे याची काहीच कल्पना नव्हती, त्यांनी केवळ शेजाऱ्यांच्या गुणधर्मांवरून एवढे अचूक सांगावे, याचे मला आजही नवल वाटते.

अशीच गोष्ट हाफ्नियमची. लँथनाइड मालिकेतील (लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या मूलद्रव्यांतील) चौदा ४एफ इलेक्ट्रॉन परिरक्षणाला आणखी दुबळे असल्यामुळे त्या मालिकेत त्रिप्रभारी आयनांची त्रिज्या लँथनमच्या १०३ पिकोमीटरवरून ल्युटेशियमच्या ८६ पिकोमीटरपर्यंत उतरते. परिणामी झिर्कोनियमची धातुत्रिज्या १६० आणि त्याखालच्या हाफ्नियमची १५९, असे अघटित घडते. घनता मात्र ६.५ वरून १३.३ वर जाते, कारण आकार तोच राहून वस्तुमान जवळजवळ दुप्पट झालेले असते. रासायनिकदृष्ट्या ही दोन मूलद्रव्ये इतकी सारखी आहेत की हाफ्नियम झिर्कोनियमच्या खनिजांत दडून राहिले आणि १९२३ साली कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरण वर्णपटाच्या आधारे ते ओळखले.

गारगोटी

जुना_वाचक यांच्या प्रतिसादात एक भर घालते. सहाव्या आवर्तातील विक्षिप्तपणाचे सगळे श्रेय ४एफ इलेक्ट्रॉनांना देता येत नाही. तांब्याची पहिली आयनीभवन ऊर्जा ७४५, चांदीची ७३१ आणि सोन्याची ८९०. चांदीपर्यंत अपेक्षेप्रमाणे घट दिसते आणि सोन्यापाशी एकदम उडी. केंद्रकावरील प्रभार ७९ झाला की सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशवेगाच्या अर्ध्याहून अधिक होतो, कारण ढोबळमानाने तो अणुक्रमांक भागिले १३७ इतक्या प्रमाणात असतो. त्या वेगाला सापेक्षतेचे परिणाम दुर्लक्षिता येत नाहीत. केंद्रकाजवळ पोचणाऱ्या एस कक्षिका त्यामुळे आकुंचन पावतात, आणि हा परिणाम सोन्याच्या ६एस इलेक्ट्रॉनपर्यंत पोचतो. ६एस खाली आले आणि ५डी थोडे वर गेले, की त्यांतील अंतर इतके कमी होते की धातू निळा प्रकाश शोषू लागतो. सोन्याचा पिवळा रंग तिथून येतो. पाऱ्याचे दोन ६एस इलेक्ट्रॉनही असेच आत ओढलेले असतात, त्यांना बंधांत भाग घ्यायला नको असतो, आणि पारा उणे ३९ अंश सेल्सियसपर्यंत द्रवच राहतो.

रेघोटी

सर्वांचे प्रतिसाद वाचले आणि पुष्कळ शिकायला मिळाले. हाफ्नियम आणि सोने यांविषयी वेगळा धागा व्हायला हवा, इतके ते विषय मोठे आहेत. तरीही माझा मूळ प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. आयनीभवन ऊर्जा हा दोन ऊर्जांतील फरक आहे, हे दीर्घवर्तुळ यांचे म्हणणे पटले. ऑक्सिजनमध्ये इलेक्ट्रॉनचे घर बदलत नाही, हे तळटीप यांचे म्हणणेही पटले. पण नायट्रोजन वर गेला आहे की ऑक्सिजन खाली आला आहे, याचा निवाडा करण्याची काही रीत आहे का?

उंबरठा

रीत आहे आणि तिला आलेखाचा एक कागद पुरतो.

फक्त पी इलेक्ट्रॉन गमावणारी सहा मूलद्रव्ये घ्या. बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२. या तीन बिंदूंमधली वाढ २८५ आणि ३१६ आहे. आता पुढचे तीन घ्या: ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१. इथे वाढ ३६७ आणि ४०० आहे. पहिले तीन बिंदू जवळजवळ एका रेषेवर येतात, पुढचे तीन दुसऱ्या रेषेवर, आणि दोन्ही रेषांची चढण हळूहळू वाढत जाण्याची रीत सारखीच आहे. पहिली रेषा त्याच लयीत पुढे ओढली, म्हणजे नायट्रोजननंतर सुमारे ३४० ची भर घातली, तर ऑक्सिजन १७४० च्या आसपास यायला हवा होता. तो त्याहून सुमारे ४३० ने खाली आहे. फ्लोरिनही त्याच्या अपेक्षित जागेपेक्षा तेवढाच खाली आहे आणि निऑनही.

म्हणजे नायट्रोजनचा बिंदू कुठेही उंचावलेला नाही. बोरॉन आणि कार्बन यांनी आखून दिलेल्या रेषेवर तो निमूटपणे बसलेला आहे. खाली सरकली आहेत ती त्याच्या पुढची तिन्ही मूलद्रव्ये, आणि तिन्ही सारख्याच अंतराने सरकली आहेत. अर्धभरलेल्या उपकवचाला ‘विशेष’ म्हणताना आपण पायरीच्या कडेला शिखर समजत आलो आहोत. निऑन पूर्ण भरलेला असूनही तो या खालच्या रेषेवरच आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे.

तिसऱ्या आवर्तातही हेच दिसते. अल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८७, फॉस्फरस १०१२, आणि मग गंधक १०००, क्लोरिन १२५१, अरगॉन १५२१. तिथली पायरी सुमारे २५० ची आहे.

पाटीपेन्सिल

उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून मी खरोखरच आलेख काढला. नायट्रोजन उंचावलेला नाही, हे मान्य करतो आणि ‘विशेष स्थिर’ हे शब्द यापुढे वर्गात वापरणार नाही. मात्र माझा मूळ मुद्दा यातून अधिक बळकट होतो, असे मला वाटते. ऑक्सिजन, फ्लोरिन आणि निऑन या तिघांमधून निघणारा इलेक्ट्रॉन जोडीतला आहे, आणि जोडी मोडल्यामुळे मिळणारी सवलत तिघांना सारखीच मिळते. म्हणून पायरीही सारखीच.

दीर्घवर्तुळ

पाटीपेन्सिल यांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते अर्धे आहे. दुसरा अर्धा भाग विनिमय ऊर्जेचा आहे. समान स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुणधर्म, ज्याच्या दोनच दिशा असतात) असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक जोडीमागे अणूची ऊर्जा थोडी उतरते. बोरॉनमधून एकुलता पी इलेक्ट्रॉन गेला, तर अशी एकही पी-पी जोडी मोडत नाही. कार्बनमधून गेला तर एक मोडते, नायट्रोजनमधून गेला तर दोन. ऑक्सिजनमधून जाणारा इलेक्ट्रॉन उलट स्पिनचा असतो आणि पी उपकवचात त्या स्पिनचा तो एकटाच असतो, म्हणून एकही जोडी मोडत नाही. फ्लोरिनमध्ये पुन्हा एक, निऑनमध्ये पुन्हा दोन. शून्य, एक, दोन आणि पुन्हा शून्य, एक, दोन: दोन समांतर रेषा इथूनही मिळतात.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तरही याच मोजणीत आहे. नायट्रोजन अणूत समान स्पिनच्या तीन जोड्या आहेत आणि ऑक्सिजनच्या आयनातही तीनच. दोघेही सारखेच अर्धे भरलेले आहेत, हे तिचे निरीक्षण अचूक आहे. फरक एवढाच की पहिल्याच्या बाबतीत त्यांतल्या दोन जोड्या आयनीभवनात गमावल्या जातात आणि दुसऱ्याच्या बाबतीत तिन्ही जशाच्या तशा टिकतात.

अबोली

इलेक्ट्रॉन आसक्तीतही (अणूने एक इलेक्ट्रॉन स्वीकारताना बाहेर पडणाऱ्या ऊर्जेतही) हीच पायरी दिसते, फक्त एक घर डावीकडे. कार्बनची १२२ आणि ऑक्सिजनची १४१ किलोज्यूल प्रति मोल असताना मधल्या नायट्रोजनची जवळजवळ शून्य आहे, कारण त्याच्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रॉनला चौथा पी इलेक्ट्रॉन व्हावे लागते.

तळटीप

प्रतिकर्षण आणि विनिमय यांपैकी कोणते कारण खरे, असा वाद पुढे होऊ नये म्हणून लिहितो. दोन्हींमुळे दोन समांतर रेषाच मिळतात, म्हणून केवळ आलेखावरून त्यांत निवड करता येत नाही. प्रत्यक्षात दोन्ही भर घालतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. समान स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात, म्हणून त्यांच्यातील प्रतिकर्षण कमी असते आणि म्हणून ऊर्जा उतरते, असे स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी दिले जाते. हेलियमच्या उत्तेजित अवस्थेत, जिथे एक इलेक्ट्रॉन १एसमध्ये आणि दुसरा २एसमध्ये असतो, हे तपासता येते. समान स्पिनची अवस्था तळपातळीपासून १९.८२ इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे आणि विरुद्ध स्पिनची २०.६२ वर, म्हणजे समान स्पिनची अवस्था खाली आहे, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. पण बारकाईने गणित केल्यावर असे आढळते की समान स्पिनच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनांमधील सरासरी प्रतिकर्षण उलट जास्त असते. एकमेकांना टाळल्यामुळे ते एकमेकांचा केंद्रकापासून कमी आडोसा करतात, दोघेही केंद्रकाकडे अधिक ओढले जातात, आणि वाढलेल्या आकर्षणातून झालेला लाभ वाढलेल्या प्रतिकर्षणाहून मोठा ठरतो. तेव्हा ‘प्रतिकर्षण कमी’ असे ठासून लिहिण्याऐवजी ‘एकूण ऊर्जा कमी’ असे लिहावे.

रेघोटी

काल वर्गात मी उंबरठा यांचा आलेख काढून घेतला. आकडे मी दिले आणि रेषा मुलांनी ओढल्या. दोन रेषा दिसल्यावर त्याच विद्यार्थिनीने सांगितले, “नायट्रोजनला काहीच झालेले नाही, पुढचे तिघे खाली उतरले आहेत.” दीर्घवर्तुळ यांची शून्य, एक, दोन ही मोजणी मी त्यानंतर फळ्यावर लिहिली आणि ती सर्वांनी स्वतः करून पाहिली.

मुले तिथे थांबली नाहीत. चौथ्या आवर्तात आर्सेनिक ९४७ आणि सेलेनियम ९४१ असल्यामुळे घसरण नावापुरतीच उरते, हे त्यांनी दाखवले. पाचव्यात तर अँटिमनी ८३४ आणि टेल्युरियम ८६९, म्हणजे घसरण नाहीच. मग पायरी नाहीशी झाली का?

उंबरठा

पायरी नाहीशी झालेली नाही, ती बुटकी झाली आहे. पाचव्या आवर्तातील वाढीचे आकडे ओळीने मांडा: इंडियमपासून कथिलापर्यंत १५१, तिथून अँटिमनीपर्यंत १२५, तिथून टेल्युरियमपर्यंत फक्त ३५, पुढे आयोडिनपर्यंत १३९ आणि झेनॉनपर्यंत १६२. चढण नेमकी त्याच जागी अडखळते. गणात खाली जाताना पी कक्षिका मोठ्या आणि विरळ होत जातात, त्यामुळे एकाच कक्षिकेत दोन इलेक्ट्रॉन राहण्याची किंमत आणि विनिमयाचा लाभ, दोन्ही घटतात. दुसऱ्या आवर्तात सुमारे ४३०, तिसऱ्यात २५०, चौथ्यात १९५ च्या आसपास आणि पाचव्यात साधारण १००, अशी ही पायरी उतरत जाते. ज्या आवर्तात ती केंद्रकीय प्रभाराच्या एका पावलाच्या वाढीपेक्षा मोठी असते, तिथे प्रत्यक्ष घसरण दिसते, आणि जिथे लहान असते तिथे चढण फक्त मंदावते.

गारगोटी

मुलांना आता सहावे आवर्त द्या. थॅलियम ५८९, शिसे ७१६, बिस्मथ ७०३, पोलोनियम ८१२. घसरण परत आली आहे, पण ती एक घर आधी, शिसे आणि बिस्मथ यांच्यामध्ये आहे. बिस्मथचे पी उपकवच नायट्रोजनप्रमाणेच अर्धे भरलेले असूनही त्याची ऊर्जा शेजारच्या शिशाहून कमी आहे. इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉनचे स्पिन आणि त्याची कक्षीय गती एकमेकांशी घट्ट जोडली जातात, आणि तीन ६पी कक्षिका एकाच ऊर्जेच्या राहत नाहीत: एक खाली उतरते, दोन वर राहतात. खालची दोन इलेक्ट्रॉनांनी शिशापाशीच भरते, आणि बिस्मथच्या तिसऱ्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर जावे लागते. तुमच्या विद्यार्थिनीला विचारा की ही घसरण ऑक्सिजनच्या घसरणीसारखी आहे की बोरॉनच्या.

रेघोटी

विचारले. तिने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, “बोरॉनच्या. इथे घर बदलले आहे.”